हेनीवर मी घेतलेला आळ

हे मी सुलभाच्या फोटोसमोरही कधी बोललो नाही. मुलाला नाही, भावाला नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगतोय — नाही, तेही खरं नाही. आता एकट्याला पेलवत नाही, म्हणून.

आम्ही दोघं नवरा-बायको देशापासून लांब, मनुरेवात राहायचो. सुलभाचा कॅन्सर हाडांत उतरला. गोळ्यांनी दुखणं दबायचं, पण जेवण जाईना. शेजारच्या हेनीनं — सत्तरीची माओरी बाई, इथल्या मूळच्या लोकांतली, नवरा असाच गेलेला — एके दिवशी कुंपणावरून एक डबी दिली. घरचा गांजा, लोण्यात शिजवलेला. त्या संध्याकाळी सुलभानं वरणभात मागून घेतला.

कायद्यात बसत नाही हे माहीत होतं. तरी हेनीनं तीन रोपं दिली आणि सुलभानं ती टोमॅटोंच्या आड वाढवली. उन्हाळाभर दोघी कुंपणाशी खुर्च्या टाकून बसायच्या. एकीचं इंग्रजी मोडकं, दुसरीला मराठीतला 'चहा' तेवढा येत होता. काय बोलायच्या कोण जाणे. हसायच्या मात्र खूप.

इथे उन्हाळा सरतो तेव्हा, एप्रिलमध्ये, फांद्या कापून गॅरेजात दोरीवर उलट्या टांगल्या. हेनीनं बजावलं होतं — काडी कट्कन मोडली तरच बरणीत भरायचं, आणि मग रोज झाकण उघडून हवा द्यायची. सुलभाला तोवर उठवत नव्हतं. हे काम माझं. एवढंच काम.

चौथ्या दिवशी दादाचा फोन. तो आणि वहिनी सिडनीला लेकीकडे आले होते, सुलभाला बघायला शनिवारी येणार होते. गॅरेजभर तो वास. दादाला काय सांगणार होतो मी? काडी अजून नुसती वाकत होती. मी सगळं तसंच ओलसर बरण्यांत कोंबलं, झाकणं घट्ट लावली, कपाटात मागे ढकललं. ते दहा दिवस राहिले. मी एकदाही झाकण उघडलं नाही.

ते गेल्यावर उघडलं, तर पांढरी बुरशी. तिनं सहा महिने वाढवलेलं. मी बरण्यांसकट कचऱ्यात टाकलं.

इथवर चूक होती, नाही का? चूक कुणाच्याही हातून होते. पण संध्याकाळी सुलभानं विचारलं, "तयार झालं असेल ना हो आता?" आणि मी म्हणालो, "बरण्या नाहीत. गॅरेजची किल्ली हेनीकडेही आहे ना? तिनंच नेल्या असणार."

हेनीच का? कारण पटेल, हे मला माहीत होतं. आपल्या लोकांच्या घरी जेवणं झाल्यावर माओरींबद्दल, 'त्या लोकांबद्दल', जे बोललं जातं, त्याला मी कितीदा मान डोलावली होती. सुलभानं कधीच नाही. तरीही माझ्यावर तिनं विश्वास ठेवला — माझ्यावर.

ती म्हणाली, "मागितलं असतं तर सगळं दिलं असतं मी तिला."

दुसऱ्या दिवशी हेनी स्वतःकडची डबी घेऊन दारात. सुलभानं भिंतीकडे तोंड केलं. "झोपलीय म्हणून सांगा," म्हणाली. डबी घेऊ दिली नाही. हेनी पुन्हा आली, मग पुन्हा. दरवेळी मी तेच सांगितलं. सुलभाचं जेवण पुन्हा सुटलं. सात आठवडे जगली ती. एवढ्या दिवसांत एक वाक्य बोलायचं होतं मला. बोललो असतो तर तिनं माझ्याकडे कसं पाहिलं असतं — मी फक्त त्याचा विचार केला.

अंत्यविधीला हेनी आली. काळे कपडे, डोक्यावर त्यांच्यात घालतात तसं हिरव्या पानांचं वेटोळं. सुलभाजवळ उभी राहून तिच्याशी आपल्या भाषेत बराच वेळ बोलली. मग माझ्याकडे आली. "माझं काही चुकलं का? तिला माझं काही लागलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो. "औषधांमुळे शेवटी तिला माणसं ओळखू येत नव्हती."

हेनीनं मान हलवली. माझा हात दोन्ही हातांत धरला, सोडला नाही.

सुलभाला शेवटच्या दिवसापर्यंत सगळं कळत होतं.