तेल खाणारी गाडी

दिवाळीला आठ दिवस असताना शेजारच्या काकूंनी फाटकातूनच सांगितलं, की आमची गाडी निघाली की त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांना जळक्या तेलाचा वास लागतो. मी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "थंडीची वाफ आहे ते. सकाळी सगळ्याच गाड्यांतून निघते."

त्यांच्या शब्दावर शंका घ्यायची आमच्या घरात पद्धत नव्हती. भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत त्यांनी सारी नोकरी काढली आणि निवृत्तीच्या आदल्या वर्षी ही जुनी पेट्रोल गाडी घेतली. आई गेल्यावर मी बालाघाटच्या शाळेत नोकरी धरून त्यांच्याजवळ राहायला आले. तेव्हापासून गाडी बहुतेक मीच चालवायचे. बाबा फक्त सकाळी भाजीबाजारापर्यंत नेत. पण तेल-पाणी पाहणं त्यांचं काम. दर रविवारी बॉनेट उघडायचं, तेलाची पट्टी काढायची, फडक्यानं पुसायची, पुन्हा बुडवायची, तेल दोन रेघांच्या मधे आहे का हे पाहायला डोळ्यांसमोर धरायची. "बराबर आहे," म्हणायचं आणि बॉनेट आपटायचं.

त्या दिवशी मी सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं. वाफेची ओल नव्हती. बोटाला काळं, चिकट काहीतरी लागलं, ते साबणानं दोनदा धुवूनही गेलं नाही.

बाबांची इच्छा नसताना मी गाडी मिस्त्रीकडे नेली. बाबा सोबत आले. मिस्त्री पिकल्या केसांचा, पूर्वी खाणीच्या डंपरवर काम केलेला. त्यानं आधी बॉनेट उघडलंच नाही. मला म्हणाला, "म्याडम, तुम्ही बसा. मी मागं उभा राह्यतो. सांगीन तसं करा."

मी गाडी चालू केली, तेव्हा त्याला काही दिसलं नाही. त्यानं ती थोडी तापू दिली आणि म्हणाला, "आता रेस द्या." आरशात तो धुरात दिसेनासा झाला.

"पांढरा धूर असता तर पानी म्हटलं असतं," खिडकीशी येऊन तो म्हणाला. "काळा असता तर पेट्रोल जास्त जाऊन राह्यलं म्हटलं असतं. हा निळा आहे. तेल जळून राह्यलं. चालू करताच भपका मारून थांबला असता तर वॉल्वचे सील, सस्त्यात काम झालं असतं. पण हा रेस देल्यावर निघते."

मग त्यानं चारही प्लग काढून एका ओळीत ठेवले. तीन कोरडे, विटकरी. तिसऱ्या नंबरचा काळा आणि ओला. प्लगच्या जागी मीटर लावून त्यानं एकेका सिलिंडरचा दाब पाहिला. तिसऱ्यावर काटा अर्ध्यातच थांबला. त्यानं त्या भोकात चमचाभर तेल सोडलं आणि पुन्हा इंजिन फिरवलं. काटा वर चढला.

"पिस्टनच्या रिंगा गेल्या," तो म्हणाला. "तेलानं फट भरली म्हणून दाब वाढला. वॉल्व खराब असता तर वाढला नसता." मग त्यानं बाबांना विचारलं, "बाबूजी, तेल कमी असताना चाललती का कधी?"

"कधीच नाही," बाबा म्हणाले. "दर रविवारी पाहतो मी."

मिस्त्रीनं मान हलवली, पण मीटर गुंडाळताना त्यानं पुन्हा एकदा त्यांच्याकडे पाहिलं. इंजिन उघडावं लागणार होतं. पण त्याची माणसं गावी गेलेली, सिलिंडर घासून देणाऱ्या खरादीचं दुकानही दिवाळीनंतर उघडणार. "तोवर शहराबाहेर नका नेऊ," त्यानं मला सांगितलं. "नेलीच तर तेलाचा डबा सोबत ठेवा. आणि समोर तेलाचा लाल दिवा लागला तर कोणाचं ऐकू नका. जागच्या जागी बंद करा. दोन किलोमीटर रेटली तर इंजिन जाम होईन, मंग धक्क्यानंही हलणार नाही."

भाऊबीजेला बाबा घाटापलीकडे उकव्याला मोठ्या आत्याकडे जात. एकही वर्ष त्यांनी चुकवलं नव्हतं. मी बसनं जाऊ म्हटलं. ते म्हणाले, "भाऊबीजेच्या गर्दीत मले उभं राहवत नाही." मी फराळाचे डबे भरत होते. "तेल पाहिलं का?" मी विचारलं.

"पाहिलं. बराबर आहे."

मी स्वतः पाहिलं नाही. डिक्कीत तेलाचा डबा ठेवला, तेवढं केलं.

जाताना घाटात मागे निळा पट्टा लांबत होता, पण पोचलो. आत्यानं ओवाळलं. तिचा मुलगा खाणीत पाळीवर होता, घरात वहिनी होती. जेवणं झाली आणि आत्या ताट उचलता उचलता भिंतीला टेकून बसली. चेहरा घामानं डबडबलेला. "जबडा दुखून राह्यला," ती म्हणाली, "हा हातही."

तिला गावच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरनं एक गोळी चघळायला दिली आणि मला बाजूला घेतलं. रुग्णवाहिका दुसरा पेशंट घेऊन बैहरकडे गेली होती, परतायला तास-दीड तास लागणार होता. शेजारची जीप पाहुण्यांना सोडायला गेलेली. सिस्टर म्हणाली, "ताई, थांबू नका. तुमची गाडी आहे ना? बालाघाट."

मागे आत्या आणि वहिनी, पुढे बाबा. जंगलातला रस्ता. मी वरच्या गिअरमध्ये, रेस न वाढवता चालवत होते, आणि त्यामुळे वेग येत नव्हता. आत्या कण्हत नव्हती. त्याचीच भीती वाटत होती. वहिनी दर मिनिटाला म्हणत होती, "आई, बोला न. काहीतरी बोला."

घाटातल्या पहिल्या मोठ्या वळणावर लाल दिवा क्षणभर लुकलुकला आणि विझला. दुसऱ्या वळणावर लागला तो राहिलाच.

मी गाडी कडेला घेऊन किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"काहून थांबली?" बाबा ओरडले नाहीत, पण त्यांचा आवाज फाटला. "चालव. दिवा तसाच लागते. वायरिंग जुनी झाली आता."

"बाबा, मिस्त्री काय म्हणाला होता?"

"माही बहीण मरून राह्यली, अन् तू मिस्त्रीचं सांगतेस?"

मला खात्री नव्हती. खरंच वायर असेल तर मी चार मिनिटं वाया घालवत होते. मी उतरले, बॉनेट उघडलं, पट्टी काढली. पुसून पुन्हा बुडवली. टोकाला थेंबही नव्हता.

तेल ओतताना घाईत बरंचसं तापलेल्या इंजिनावर सांडलं आणि तिथून धूर उठला. वहिनी आतून म्हणाली, "ताई, पेटली का?" मी नाही म्हटलं. पाहिलंही नव्हतं. बाबा बाजूला येऊन उभे राहिले. मी पट्टी त्यांच्यापुढे धरली. "किती आलं, पाहा."

त्यांनी पट्टी हातात घेतली, उजेडाकडे फिरवली, जवळ नेली, लांब धरली. मग माझ्याकडे परत दिली.

मी पाहिलं. तेल दोन रेघांच्या मधे आलं होतं. किल्ली फिरवली. दिवा लागला, एक, दोन, तीन मोजेपर्यंत राहिला, आणि विझला.

जिल्हा रुग्णालयाच्या दारात आत्याला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा तिचे डोळे उघडे होते. डॉक्टर म्हणाले, झटका आहे, वेळेत आणलं. दुसऱ्या दिवशी तिला गोंदियाला हलवलं, आणि पंधरवड्यानं ती उकव्याला परतली.

भाऊबीजेच्या त्या संध्याकाळी रुग्णालयाच्या व्हरांड्यात बाबा बाकावर बसले होते. मी चहा आणून दिला. त्यांनी कप बाकावर ठेवून दिला.

"मले ते रेघ दिसत नाही," ते म्हणाले. "उन्हाळ्यापासून."

"मग दर रविवारी?"

"पट्टी ओली लागे हाताले. वाटे, असंन."

"आणि भाजीबाजारात गाडी नेत होतात."

"हौ."

मी रागावले नाही. तेवढी ताकद उरली नव्हती. चहा कपाबाहेर ओतताना मी त्यांना पाहिलं होतं, पेपर नुसताच उलटताना पाहिलं होतं, आणि वय झालं म्हणून हसलेही होते. "सांगितलं काहून नाही?" मी विचारलं. ते म्हणाले, "किल्ली घेतली असती तू." ते खरं होतं.

दिवाळीनंतर इंजिन उघडलं. मिस्त्रीनं बोलावलं, तेव्हा बाबा स्वतःहून निघाले. तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे होते, आणि पिस्टनची एक रिंग दोन तुकडे होऊन बाहेर आली होती. मिस्त्री काही विचारण्याआधीच बाबा म्हणाले, "तेल कमी असतानाच चालली ही. माहीच चूक. मले दिसत नव्हतं."

मिस्त्रीनं पिस्टन फडक्यानं पुसून त्यांच्या हातात ठेवला. "बोटानं पाहा बाबूजी." बाबांनी अंगठा कडेवरून सावकाश फिरवला, एका जागी थांबले, पुन्हा मागे आले.

"इथं," ते म्हणाले.

"हौ, तिथंच," मिस्त्री म्हणाला, आणि कामाला लागला.

थंडीत बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्याबद्दल डॉक्टर म्हणाले, त्याची नस सुकली, उशीर झाला. गाडी आता धूर टाकत नाही. रविवारी पट्टी मी काढते. बाबा खुर्ची टाकून अंगणात बसतात आणि विचारतात, "किती आहे?" मी सांगते. त्यांचा विश्वास बसतो की नाही, ते मी विचारलेलं नाही.