पिस्कॅटवेच्या बाई

आमच्या चर्चमध्ये एक रीत आहे. मुलंबाळं मार्गी लागली, नोकरी संपली, की नवरा-बायकोनं मिळून दीड-दोन वर्षं परमुलखात सेवेला जायचं. याला आम्ही मिशन म्हणतो आणि लोक आम्हाला मॉर्मन म्हणतात. माझ्या सासर-माहेरच्या घराण्यांत ख्रिस्ती धर्म पणजोबांपासूनचा, दोन्ही घराणी नगर जिल्ह्यातली. या चर्चमध्ये मात्र आम्ही दोघं आलो ते बंगळुरूला, यांची तिकडे बदली झाली तेव्हा. या चर्चमध्ये चहा वर्ज्य. नातेवाइकांना आमचं चर्च बदलणं एक वेळ पचलं, चहा सोडणं काही पचलं नाही. अमेरिकेला निघालो तेव्हा माझा भाऊ म्हणाला, आजवर तिकडचे मिशनरी इकडे यायचे, तुम्ही उलटे कुठे निघालात?

आम्हाला पाठवलं न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला. दोन खोल्यांचं अपार्टमेंट होतं आणि खिडकीतून विद्यापीठाच्या बसचा थांबा दिसायचा. सकाळी गुडघे टेकून प्रार्थना करायची, पत्ती न घालता नुसता गवती चहा आणि आलं उकळून प्यायचं, मग यांनी शर्टाला चर्चच्या नावाचा काळा बिल्ला लावायचा आणि मी माझ्या ब्लाउजला. दारोदार फिरून धर्माविषयी बोलायचं काम तरुण मिशनऱ्यांचं. आमचं काम साधं होतं. त्या मुलांच्या खोल्यांवर जाऊन नळ-हीटर बघायचे, आजाऱ्यांना डबा पोचवायचा, आणि चर्चला यायचं थांबलेल्या म्हाताऱ्या माणसांपाशी जाऊन बसायचं. हे जन्मभर टेलिफोन खात्यात. हातात पक्कड आली की यांचा चेहरा खुलायचा.

इंडियन दुकानात कोथिंबीर निवडताना कुणीतरी मराठी विद्यार्थी आमचा बिल्ला वाचायचा आणि विचारायचा, "काकू, तुम्ही मराठी ना? मग हे काय?" हे त्याला शांतपणे समजावून सांगायचे. बहुतेक मुलं "ओह, नाइस" म्हणून सटकायची. दोघंजण मात्र रविवारी पोळी-भाजी खायला येऊ लागली. धर्माचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही नाही.

ज्यांच्यापाशी बसायला जायचो त्यांच्यात एक बाई होत्या. नव्वदीला आलेल्या, खुब्याचं हाड मोडल्यापासून घरातच. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मुलगी ॲरिझोनात. पहिल्याच भेटीत त्यांनी मला सांगितलं की तुझं इंग्लिश मला कळत नाही, तुझ्या नवऱ्याला बोलू दे. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला.  तरी दुसऱ्या आठवड्यात मी परत गेले. त्यांचे केस धुवायचे राहिलेत हे दिसत होतं. स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी खुर्ची ओढून मी खुणेनंच विचारलं, आणि त्यांनी मान मागे टाकली. त्यानंतर दर गुरुवारी मी एकटीच त्यांच्याकडे जाऊ लागले. हळूहळू त्यांना माझं इंग्लिश कळायला लागलं, किंवा त्यांनी न कळल्याचं सांगणं सोडलं.

जानेवारीत मिशनरी मुलांच्या खोलीवर पुस्तकांचं कपाट चढवताना हे जिन्यातच बसले. कपाळावर घाम, ओठ पांढरे. हॉस्पिटलात नेल्यावर कळलं की हृदयात आधी घातलेल्या स्टेंटच्या शेजारीच आणखी एक घालावा लागणार. तो घातला. डॉक्टर म्हणाले, धोका टळलाय, राहायचं तर राहा, पण ओझं उचलायचं नाही. पुण्याहून लेक फोनवर रडत होती, परत या म्हणत होती. मिशनच्या प्रमुखांनीही सांगितलं की घरी गेलात तर कुणी बोल लावणार नाही.

मी यांना विचारलं तर हे म्हणाले, "तू म्हणशील तसं."

आयुष्यभर मला हे वाक्य आवडत आलं होतं. त्या दिवशी फार राग आला. राहून काही झालं असतं तर ते माझ्या माथी आलं असतं, आणि परत जाऊन हे मनातून खचले असते तर तेही.

गुरुवारी बाईंचे केस पुसता पुसता मी हे सगळं त्यांना सांगून टाकलं.  मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. त्या आणि त्यांचे यजमानही असेच मिशनवर गेले होते, पॅसिफिकमधल्या एका बेटावर. एका रविवारी जेवण झाल्यावर ते आडवे झाले ते उठलेच नाहीत. बाई त्यांना घेऊन अमेरिकेत आल्या, त्यांना माती दिली, आणि उरलेली मुदत पुरी करायला एकट्या त्या बेटावर परत गेल्या.

एवढी श्रद्धा तुम्ही कुठून आणली, असं मी विचारलं.

"श्रद्धा कसली?" त्या म्हणाल्या. "मुलीनं माझ्यासाठी खोली सजवून ठेवली होती. पडदेसुद्धा लावले होते. मी तिथे एक रात्र झोपले आणि सकाळी परतीचं तिकीट काढलं." टॉवेल माझ्या हातातून घेत त्या पुढे म्हणाल्या, "तुझा नवरा जिवंत आहे. त्याला कपाटं उचलू देऊ नकोस म्हणजे झालं."

घरी जाऊन मी यांना सांगितलं की आपण राहतोय. हे "बरं" म्हणाले. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं किती तरी वेळ पुसत बसले.

वसंतात बाई गेल्या. मुलगी ॲरिझोनाहून आली आणि थेट आमच्याकडे आली. तिनं चर्च केव्हाच सोडलेलं. टेबलापाशी बसून ती म्हणाली, आईला तिचे टेंपलचे कपडे घालायचे आहेत, आणि ते तुम्हीच घालावेत असं ती सांगून गेली आहे. आमच्यात ज्यांनी टेंपलमध्ये, म्हणजे चर्चच्या पवित्र मंदिरात जाऊन देवाला वचनं दिलेली असतात, त्यांना त्या पांढऱ्या कपड्यांतच माती देतात, आणि बाईला बाईनंच ते घालायचे असतात. त्या कपड्यांविषयी आम्ही बाहेर बोलत नाही, म्हणून इथेही लिहीत नाही.

मी हो म्हटलं. माझी आई गेली तेव्हा मी लहान होते. शेजारच्या बायकांनी तिला आंघोळ घातली आणि मला अंगणात उभं केलं. त्यानंतरही मेलेल्या माणसाला मी कधी हात लावला नव्हता.

माझ्यासोबत चर्चमधली एक अमेरिकन बाई होती. अंत्यविधीगृहातल्या त्या खोलीत फार थंडी होती. आधी आम्ही प्रार्थना केली, मग कामाला लागलो. उजवा हात बाहीत जाईना. मी कोपराखाली हात घातला आणि माझ्या नकळत मराठीत बोलले, "बाई, हात जरा सैल सोडा."

सोबतच्या बाईनं विचारलं, काय म्हणालीस? मी सांगितलं. तिनं मान हलवली, आणि मग तीही बाईंशी बोलू लागली. आता डावा हात, आता कॉलर, झालंच हं. दोघी दोन भाषांत बोलत आम्ही ते काम पुरं करत आणलं.

दारावर टकटक झाली. मुलगी होती. "मी आत आले तर चालेल?" तिनं विचारलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. फक्त पायांतलं घालायचं उरलं होतं. ते मी तिच्या हातात दिलं.

ती पायांशी बसली. "हिचे पाय कायम गार असायचे," म्हणाली, आणि आईचे दोन्ही तळवे चोळत राहिली, जणू ऊब येणार होती. मग रडली. आम्ही भिंतीशी उभ्या राहिलो. तिला पुरेसा वेळ मिळाल्यावर तिनं ते पायांत घातलं आणि स्वतःच उठली.

दफनाच्या दिवशी शवपेटी उचलायला यांना मनाई होती. हे नुसतेच बाजूनं चालले, एक हात पेटीवर ठेवून.

शरद ऋतूत मुदत संपली आणि आम्ही पुण्याला परतलो. बाईंच्या मुलीचा अधूनमधून फोन येतो. चर्चचं ती विचारत नाही, यांच्या तब्येतीचं विचारते. यांची तब्येत ठीक आहे.

परतल्यावर थोड्याच दिवसांत मी लेकीला माझ्या टेंपलच्या कपड्यांची पेटी उघडून दाखवली आणि आतलं काय कशासाठी ते सांगायला लागले. ती म्हणाली, "आई, आत्ता नको ना हे." मी पेटी मिटली. मध्ये दिवाळी गेली, नातवाची परीक्षा झाली. मग एका दुपारी ती स्वतःच माझ्या खोलीत आली, दार लोटलं आणि पलंगावर बसत म्हणाली, "हं, दाखव."