लेलंडच्या आईची जाहिरात

ब्लांच नोव्होत्नीची बेकरी आणि माझं हार्डवेअरचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे. त्या भिंतीपलीकडून इतकी वर्षं दोनच गोष्टी येत आल्या आहेत, पाव भाजल्याचा वास आणि ब्लांचचा आवाज. वासाबद्दल माझी तक्रार नाही.

ब्लांच बुटकी, अंगाने रुंद, कोपरापर्यंत पिठाने माखलेली बाई. नवरा लवकर गेला. मागे उरली ती आजीने चेक मुलखातून आणलेली कोलाचे करायची रीत. मऊ गोड पाव, मधोमध अंगठ्याने पाडलेला खळगा, खळग्यात खसखस नाहीतर आलुबुखार. एवढ्यावर तिने घर चालवलं आणि एकुलता एक मुलगा वाढवला. मुलगा निघाला पैलवान. आयोवा राज्यात त्याचं कुणाला नवल नाही, आमच्याकडे पोर चालायला लागलं की कुस्तीच्या गादीवर सोडतात. पंचाईत अशी, की बेकरीवालीच्या पोराला वजनगट सांभाळायचा होता. सबंध हिवाळा लेलंड आईच्या दुकानात शिरायचा तो मागच्या दाराने, तोंड फिरवून.

"निदान वास तरी घे मेल्या," ब्लांच म्हणायची.

"वासानंसुद्धा वजन वाढतं, आई."

कुस्तीच्या जोरावर त्याला कॉलेज फुकट मिळालं. शेवटच्या वर्षी तो विभागात पहिला आला आणि राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवडला गेला. त्याआधी तीन वर्षं ती संधी त्याची हुकली होती, आणि पुढचं वर्ष त्याच्याकडे नव्हतं. विभाग जिंकल्यावर तो एका दिवसासाठी घरी आला. त्या दिवशी वजन द्यायचं नव्हतं, म्हणून गडी खायला बसला. ब्लांचने घरच्या अल्बमसाठी त्याचा फोटो काढला. कुस्तीत चुरगळलेले कान, सुजलेला डोळा, दोन्ही गालांत कोंबलेलं खसखशीचं कोलाचे, आणि त्यातूनही हसणारं तोंड.

आमच्या गावची एक रीत आहे. गावचा पैलवान मोठ्या स्पर्धेला निघाला की प्रत्येक दुकानदार साप्ताहिकात अभिनंदनाचा चौकोन देतो. 'शाब्बास लेलंड', खाली दुकानाचं नाव, संपलं. फोटो नाही, मालाचा उल्लेख नाही. कॉलेजचा खेळाडू आपल्या नावावर काही विकू शकत नाही, दुसऱ्यालाही विकू देऊ शकत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ब्लांचलाही ठाऊक होतं. पण नियम लोकांसाठी असतो, आईला कसला नियम? तिने तोच फोटो छापायला दिला. खाली ओळ होती, 'लेलंडची आई भाजते. लेलंड खातो. तुम्ही कशाची वाट बघताय?'

पेपर निघाला आणि दोन-चार दिवसांत कॉलेजचा माणूस दारात. नाव प्रेंटिस. खेळाडू नियम पाळतात की नाही, हे बघणं एवढंच त्याचं काम. मी तेव्हा ब्लांचकडे कॉफी घेत होतो.

"मॅडम, ही जाहिरात तुमची?"

"माझीच! छान आलीय ना?"

"खेळाडूचा फोटो वापरून माल विकला, तर खेळाडू बाद होतो."

"अहो, खेळाडू कुठला? आपला लेलंड आहे तो."

"तोच खेळाडू, मॅडम."

"मी जन्म दिलाय त्याला!"

"त्याबद्दल नियमात काही म्हटलेलं नाही."

माणूस वाईट नव्हता. ब्लांच मटकन खाली बसली तेव्हा त्याने टोपी काढली आणि एक वाट सांगितली. फोटो घरासाठी काढला होता, तो छापला जाणार हे मुलाला माहीत नव्हतं, हे तर खरंच होतं. पण नुसतं माहीत नव्हतं म्हणून भागत नाही. आपलं नाव कुणी परस्पर वापरलं, तर खेळाडूने त्याला हरकत घ्यावी लागते. लेखी. म्हणजे लेलंडने बेकरीला नोटीस धाडायची. कॉलेजचा वकील मजकूर करून देईल, लेलंडने फक्त सही करायची. सही झाली तर त्याचं नाव स्पर्धेत राहण्याची आशा होती.

लेलंडने सही करायला साफ नकार दिला. माझ्या आईला नोटीस पाठवून मला कुठलीही कुस्ती लढायची नाही, म्हणाला. ते फोनवरचं भांडण मी भिंतीपलीकडून ऐकलं. चोरून ऐकायची गरजच नव्हती, अर्ध्या गावाने ऐकलं असेल.

"चार वर्षं उपाशी राहिलास ते कशासाठी? माझं तोंड बघायला? सही कर गाढवा! आई मूर्ख आहे म्हणून लिही, चोर आहे म्हणून लिही, पण सही कर!"

त्याने सही केली.

नोटीस रजिस्टर टपालाने आली. पोस्टमन बिचारा ब्लांचच्या डोळ्याला डोळा देईना. तिने मात्र पाकीट फोडलं आणि भरल्या दुकानात वकिली आवाजात नोटीस वाचून दाखवली.

"'अन्यथा आपल्याविरुद्ध कायदेशीर कारवाई करण्यात येईल!' ऐकलंत ना? मला धरून न्यायच्या आत कुणाला आलुबुखारचं हवंय का?"

आम्ही पोट धरून हसलो, तीही हसली. आपलेच दात, आपलेच ओठ, असं म्हणून मी कॉफी संपवली. मग ती स्टुलावर चढली आणि भिंतीवरचे लेलंडचे सगळे फोटो उतरवू लागली. समोरचे दात पडलेला, लहानपणचा एक होता, तोही काढला.

"अगं ब्लांच, तो काय कॉलेजात होता तेव्हा?" मी म्हटलं.

"असू दे. परीक्षा कशाला बघायची?"

लेलंडचं नाव राहिलं. स्पर्धेला मीच तिला माझ्या गाडीतून घेऊन गेलो. सभागृहाच्या दाराशी त्याच्या कॉलेजने दुकान मांडलं होतं. तिथे लेलंडचा हातभर लांबीचा फोटो विकायला होता, खाली एका बँकेचं नाव. माझं डोकंच फिरलं. कॉलेजने विकला तर ती परंपरा आणि आईने छापला तर तो धंदा! ज्याचे कान चुरगळले त्याला यातला छदाम मिळायचा नव्हता. हा अन्याय आहे असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. मी ते तिथल्या तिथे मोठ्याने सांगायला लागलो.

"गप रे व्हर्न," ब्लांच म्हणाली. "त्याची कुस्ती लागेल." तिने पाकीट काढलं, तो फोटो विकत घेतला, गुंडाळून काखेत मारला आणि आत गेली.

लेलंड तिसरा आला. उपांत्य फेरीत खांदा निखळला, तरी तिसऱ्या जागेची कुस्ती त्याने एका हाताने लढून मारली. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. ब्लांच दोन्ही मुठी तोंडाशी धरून बसून होती.

त्यानंतर कॉलेज संपलं, नियमही संपला. लेलंड गावात परतला, पुढे भट्टी त्यानेच सांभाळली, लग्न केलं, पोटाने सुटला. त्याचा फोटो मात्र दुकानात पुन्हा लागला नाही. ब्लांचला सवय राहिली नसेल, असं मी धरून चाललो. शेजाऱ्याला सगळं कळतं अशी माझी समजूत होती.

आणि मग अलीकडे नियमच उलटला. कॉलेजच्या खेळाडूने आपल्या नावावर खुशाल कमवावं, असं ठरलं. लेलंडची मुलगी जोसी तेव्हा त्याच कॉलेजात, तीही कुस्तीतच. गाड्यांच्या एका दुकानदाराने तिला ट्रकपुढे उभं करून जाहिरात केली होती. एका सकाळी ती बेकरीत आली.

"आजी, कोलाचेच्या खोक्यावर माझा फोटो छापू या. तुझी खोकी खपतील आणि मला त्यातला थोडा वाटा दे."

"नको," ब्लांच म्हणाली. ती आता ऐंशीच्या पुढे गेली होती.

"अगं, का पण?"

भट्टीशी उभा असलेला लेलंड हसला. "आई, आता चालतं ते. आता कुणी नोटीस नाही पाठवत."

ब्लांचने हातातली कणीक ओट्यावर ठेवली.

"नोटिशीचं काही नाही. ती मीच पाठवायला लावली होती. पण वरती 'महोदया' लिहिलं होतंस तू मला. तेवढं खोडून 'आई' लिहिलं असतंस, तर काय वकिलानं खाल्लं असतं तुला?"

दुकानात मी होतो, जोसी होती. लेलंड एवढा थोरला बाप्या, त्याचा चेहरा पाहवेना.

"मला सुचलंच नाही गं," तो म्हणाला.

"माहीत आहे. पोर होतास, त्यात उपाशी. म्हणून तर इतकी वर्षं बोलले नाही." मग ती नातीकडे वळली. "छाप तुझा फोटो. पण मला कसलाही कागद द्यायचा नाही."

"आजी, कागद करावाच लागतो," जोसी हळूच म्हणाली. "करार केला की कॉलेजला दाखवावा लागतो. नियमच आहे."

ब्लांचने कणीक पुन्हा हातात घेतली आणि मळायला लागली.

"मग वरती 'आजी' लिही," ती म्हणाली.