शेवटची भाकर

फौजेत असताना सुरुंगावर माझा डावा पाय गेला. त्यानंतर तीन वर्षं मी पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीबाहेर एकटा गेलो नाय. नकली पाय होता, काठी होती, पण पडलो की उठवायला माणूस लागायचा. त्याचा इतका संताप यायचा की मी बाहेर पडणंच सोडलं.

मग तो आला. पिवळसर, रुंद छातीचा लॅब्रॅडोर, असल्याच कामासाठी शिकवलेला. काठी पडली की उचलून द्यायचा. मी पडलो की शेजारी घट्ट उभा राहायचा, आणि त्याच्या पाठीवरच्या पट्ट्याचा दांडा धरून मी उठायचो.

पण आमच्या घरी पहिली भाकर गाईची, शेवटची कुत्र्याची. आईचा नेम चाळीस वर्षांचा. तिनं भाकर घातली, मग शेजारच्या काकूंनी घातली, मग अख्ख्या गल्लीनं. घरबसल्या पुण्य मिळतंय तर कोण सोडतंय! महिन्याभरात गडी दर फाटकाशी थांबायला लागला. एक दिवस दूध आणायला निघालो, तर त्यानं काकूंच्या फाटकाकडं ओढ घेतली आणि मी रस्त्यात आडवा.

त्याला शिकवणाऱ्या बाई आल्या. म्हणाल्या, "दादा, पंधरा दिवस देते. मग पाचोडच्या बाजारात बघू. तिथं खाण्यामागं गेला, तर मी त्याला परत नेणार."

मी गल्लीत उभा राहून तोफ डागली, "खबरदार कुणी तुकडा टाकला तर!" काकू रुसल्या. आई तर रडलीच.

"मुक्या जिवाला दारातून उपाशी पाठवू व्हय रे?"

"मग मलाच ठेव घरात कोंडून!" मी ओरडलो. ओरडलो आणि माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर आईनं शेवटची भाकर माझ्या हातावर ठेवली.

"नेम माझा, हात तुझा. घाल."

काकूही मग आपला तुकडा माझ्याच हातात आणून द्यायला लागल्या, तोंड फुगवून का होईना. मी दिला तरच त्याला मिळायचा.

पाचोडचा बाजार गच्च भरला होता. भज्यांच्या कढया, सुकट, मटण. बाई वीस पावलं मागून बघत होत्या. एका भजेवाल्यानं मायेनं एक भजं बरोबर त्याच्या नाकासमोर टाकलं. तो थांबला. मेलो, म्हटलं. त्यानं भज्याकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं. हात रिकामा होता. तो पुढं चालायला लागला.

तेवढ्यात एका पोतेवाल्याचा धक्का बसला आणि मी धाडकन खाली. काठी लांब उडाली. चार माणसं धावली.

"भाऊ, हात द्या!"

"हात लावायचा नाय कुणी!"

त्यानं काठी आणून दिली आणि शेजारी उभा राहिला. मी दांडा धरला अन् उठलो. भर बाजारात लई मोठ्यानं हसलो, डोळे पुसत हसलो. बाई नुसत्या मान डोलवत होत्या, तरी निकाल कळला. मग मी माझ्या हातानं निवडून पाव किलो वांगी घेतली.

घरी आलो तेव्हा आई भाकरी थापत होती. वांगी बघितली, गुडघ्याला लागलेली माती बघितली. तव्यावरची पहिली भाकर उतरवून तिनं माझ्या हातावर ठेवली.

"ही तर गाईची," मी म्हणालो.

"गाय थांबंल आज," आई म्हणाली. "त्याला घाल."