दाजींची वाकडी मान

आमचे भिमाजी दाजी म्हणजे शेवगाव भागातले नावाजलेले हाडवैद्य. शेती चारचौघांसारखीच, पण कुणाचा हात निखळला, पाय मुरगळला की बैलगाडी थेट त्यांच्या ओट्याशी यायची. दाजी बोटाला तेल लावायचे, दुखणेकऱ्याला त्याच्या सासुरवाडीचं काहीतरी विचारायचे, आणि तो गाऱ्हाणी सांगण्यात रंगला की कडाक्! माणूस आधी बोंबलायचा, मग हसत घरी जायचा. माझी थोरली बहीण त्यांना दिलेली, त्यामुळे हे कौतुक मला वर्षानुवर्षं नाइलाजाने ऐकावं लागलं आहे.

एकाहत्तर सालच्या चैत्रात, जत्रा तोंडावर आली असताना, शेजारच्या केशरबाईंच्या घरात नवरा-बायकोचं जुंपलं. नुसतं ऐकू येत होतं, दिसत नव्हतं. दाजी भिंतीवरून वाकले, मान लांब केली, डावीकडे वळवली आणि मान तिथेच राहिली. भांडण मिटलं, केशरबाईंनी नवऱ्याला भाकरी वाढली, तरी दाजी तिकडेच बघत होते.

आक्काने तेल चोळलं, शेक दिला. दाजींनी दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरून झटका देऊन पाहिला. पण झटका कधी येणार हे हाताला ठाऊक, तसं मानेलाही ठाऊक. ती आधीच घट्ट व्हायची. स्वतःलाच सासुरवाडीचं विचारून काय उपयोग? शेवटी मला सांगावा आला. मी कांदा काढायचा सोडून गेलो.

“पाव्हणं,” दाजी माझ्याऐवजी कणगीकडे बघत म्हणाले, “जत्रंत कुस्त्यांच्या हगाम्याला मला मानानं बसवत्यात. समद्या गावादेखत फेटा बांधत्यात. हाडवैद्याचीच मान वाकडी दिसली, तर उद्यापासनं माझ्या दारात कोन लंगडत यील?”

मला हसूही येत होतं आणि खरंच वाईटही वाटत होतं.

“मग नेवाशाच्या नाही तर राहुरीच्या वैद्याला दाखवू की.”

“दाखवू? मी?” दाजी कणगीवर भडकले. “भेटीला जाऊ. एकाच धंद्यातली मान्सं, ख्यालीखुशाली इचारू. मान त्यांची त्यांना दिसंल. मी तोंडानं सांगनार न्हाई.”

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीत बसलो. दाजींच्या डाव्या हाताला एक बाई बसली होती. थोडा वेळ तिने सोसलं, मग म्हणाली, “काय वो बाबा, घरात बायकू न्हाई का?” मी दाजींना उठवून पलीकडच्या खिडकीशी बसवलं. तिथून त्यांनी नेवाशापर्यंतची शेतं मन लावून पाहिली. उजवीकडे काय चाललंय ते मी सांगायचं, असं ठरलं होतं. काहीही चाललं नव्हतं, तरी ते विचारत होते.

नेवाशाचे गोरक्षनाथ वैद्य आम्हाला बघून ओसरीवरूनच हसले. चहा झाला. तो त्यांनी डाव्या हाताने दिला. पाहुण्याला डाव्या हाताने चहा! मला रीत सोडलेली आवडत नाही, पण मी चहा पिऊन टाकला. दाजींनी तासभर पावसापाण्याच्या गप्पा मारल्या आणि मधेमधे मानेला हात लावून “आई गं” म्हटलं. गोरक्षनाथ दर वेळी मान डोलवून दाद देत होते.

“भिमाजी, लई झकास धरलीय मान,” ते शेवटी म्हणाले. “पर आता मी फसनार न्हाई.”

त्याचं असं होतं. काही वर्षांपूर्वी दाजी खोटं खोटं लंगडत याच ओसरीवर आले होते. गोरक्षनाथांनी बिचाऱ्यांनी लेप लावला, बांबूच्या पट्ट्या बांधल्या, आणि शेवटची गाठ बसताच दाजी पट्ट्यांसकट अंगणात नाचले होते. तेवढ्यावर भागलं नाही. पुढे दर जत्रेत ते ही गोष्ट नाचून दाखवायचे. आता गोरक्षनाथ दाजींच्या मानेला बोट लावायला तयार नव्हते. आम्ही निघालो तेव्हाही ते ओरडले, “येशीपातूर तरी सोंग सोडू नका बरं का!”

राहुरीचे राधाकृष्ण वैद्य तर आम्ही होतो तेवढा वेळ बसलेच नाहीत. “पाहुन्यांम्होरं मी बसत न्हाई,” म्हणत खांबाला टेकून उभे राहिले. नाचाची गोष्ट त्यांनाही पाठ होती. दाजी रडकुंडीला आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कबूल केलं, “राधाकृष्णा, खरंच दुखतंय रं. रातीला डोळा लागत न्हाई.” आणि त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं.

राधाकृष्णांनी टाळी वाजवली. “वा! डोळ्यांत पानीबी! तमाशात पायजे हुता तुमी!”

परतीच्या गाडीत दाजींनी पुन्हा डावीकडची खिडकी धरली. मला मनातून म्हणावंसं वाटत होतं की नाचला नसता तर ही वेळ आली नसती. मी ते म्हटलंसुद्धा. त्यांना माझ्याकडे रागाने बघता येत नव्हतं, हा त्या प्रवासातला एकमेव फायदा.

जत्रेच्या दिवशी आम्ही जाजम असं टाकलं की दाजी कुस्तीच्या फडाला डावी बाजू देऊन बसतील आणि सरळ बघतायत असं वाटेल. बरं चाललं होतं. फेटा आला तेव्हा मात्र ताट उजवीकडून आलं. सरपंच उभे, ताट उभं, आणि दाजी भलतीकडे बघत बसलेले. लोकांत कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात गर्दीतून गोरक्षनाथ आणि राधाकृष्ण पुढे आले.

“आमी भिमाजींची परीक्षा घ्यायला आलोय!” गोरक्षनाथांनी आरोळी दिली. “माझा खांदा जखडलाय, ह्यांच्या कंबरंत उसन भरलीय. खरं का खोटं, वळखा!”

हगामा थांबला. पैलवानसुद्धा अंगाची माती झटकत बघायला आले. दाजींनी तेलाची वाटी ओढली आणि गोरक्षनाथांच्या उजव्या खांद्यावर बोटं ठेवली. ठेवली आणि थबकले. मी जवळ होतो, मला दिसलं. खांदा दगडासारखा होता. मग मला तो डाव्या हाताचा चहा आठवला. खांबाला टेकलेले राधाकृष्णही आठवले.

गोरक्षनाथांनी डोळे मिटून घेतले होते. एवढ्या लोकांत दाजी आता काय बोलतात, या भीतीने त्यांच्या कपाळावर घाम आला होता. दाजींना उट्टं काढायची याहून चांगली संधी मिळाली नसती.

“तुमची सासुरवाडी कोनती म्हनायची?” दाजींनी विचारलं. गोरक्षनाथ सांगायला लागले आणि कडाक्! “साफ खोटं!” दाजी ओरडले. “खांदा ठणठणीत हाय ह्यांचा!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोरक्षनाथांनी उजवा हात वर केला, खाली केला, पुन्हा वर केला आणि दाजींना मिठीच मारली. राधाकृष्णांची उसणही तशीच खोटी निघाली. ते जाजमावर मांडी घालून बसले आणि उठेचनात.

“आता माजी परीक्षा,” दाजी हळूच म्हणाले. “मान.”

दोघांनी मानेला हात लावला आणि एकमेकांकडे पाहिलं. राधाकृष्ण म्हणाले, “भिमाजी, परवा मी टाळी वाजवली व्हय?” त्यांचं वाक्य संपायच्या आत गोरक्षनाथांनी काम केलं. दाजींची मान सरळ झाली. “खोटी! सपशेल खोटी!” दोघे एका सुरात म्हणाले. दाजींनी उजवीकडे पाहिलं. सरपंच अजून ताट घेऊन उभे होते.

तेव्हापासून दर जत्रेला जिल्ह्यातले हाडवैद्य दाजींच्या गावात एकमेकांची परीक्षा घ्यायला जमतात. विव्हळत येतात, नाचत जातात. आजवर एकाचंही दुखणं खरं निघालेलं नाही.

गेल्या जत्रेत माझा गुडघा धरला होता. मीही मोठ्या ऐटीत जाजमावर पाय पसरून म्हणालो, “दाजी, वळखा, खरं का खोटं?”

दाजींनी गुडघ्याला हातसुद्धा लावला नाही.

“तू कुठं वैद्य हायेस?” ते म्हणाले. “तुजं खरं हाय.”