गिटारपुढची रिकामी जागा

विमानतळावर आई माझ्या बॅगेतलं मेतकूट तिसऱ्यांदा नीट लावत होती आणि माझा मित्र विलास वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक एलपी रेकॉर्ड माझ्या हातात कोंबत होता. "अरे, तिकडे मी ही लावणार कशावर?" मी म्हणालो. "लावू नकोस. डोळ्यांसमोर ठेव," तो म्हणाला. बाबा घड्याळ बघत होते. "आधी पोटाचं बघ, मग गाणीबिणी," हे त्यांचं वाक्य मी कॉलेजपासून ऐकत आलो होतो. त्या दिवशी ते जिंकले होते, तरी चेहरा जिंकल्यासारखा नव्हता.

ती एलपी जुन्या बाजारातली. कव्हरवर केस-दाढी वाढवलेला एक अमेरिकन कंट्री गायक. त्या काळी त्यांच्याकडे गाणी कुठली, वादक कोण, मागे व्हायोलिनं किती, सगळं कंपनी ठरवायची. हा पठ्ठ्या अडून बसला. गावोगाव माझ्याबरोबर फिरतात तीच माणसं स्टुडिओत वाजवतील आणि रेकॉर्ड मी म्हणेन तशी होईल, म्हणाला. अशा हट्टी लोकांना पुढे आउटलॉ, म्हणजे बंडखोर, म्हणायला लागले. कर्वेनगरच्या खोलीत आम्ही ती झिजेपर्यंत ऐकली. अर्धे शब्द कळायचे नाहीत, पण चार माणसं एका खोलीत बसून वाजवताहेत हे कळायचं. "बघ, इथे बास चुकलाय, आणि तसंच ठेवलंय!" विलासला त्या चुकीचंच जास्त कौतुक.

विलास मराठी गाणी लिहायचा आणि गायचा, मी गिटार वाजवायचो. एका म्युझिक कंपनीला त्याची गाणी आवडली. फक्त वादक त्यांचे असणार होते. मी बाहेर बाकावर बसलो होतो. आतून विलासचा आवाज आला, "तो वाजवणार नसेल तर मी गाणार नाही." तो बाहेर आला, म्हणाला, "चल, चहा पिऊ." पुन्हा कुठल्या कंपनीने त्याला बोलावलं नाही. सहा महिन्यांनी मला सिंगापूरची नोकरी लागली आणि मी निघून आलो. त्याने एका शब्दानेही जाब विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

माझ्यासारखे जे इथे आलात, त्यांना पुढचं सांगायला नको. वुडलँड्सचा फ्लॅट, सकाळी कंपनीची बस, गळ्यात पास, जुरोंग आयलंड या कारखान्यांच्या बेटाच्या गेटवर तपासणी. बॉसला मी चौदा वर्षांत कधी नाही म्हटलेलं नाही. एलपी टीव्हीशेजारी उभी आहे. पाहुणे विचारतात, "डेकोरेशन का?" मी हो म्हणतो.

गेल्या वर्षी विलासचा फोन आला. आता तो शाळेत शिकवतो. घरातच रेकॉर्डिंग करून तो स्वतःचा अल्बम काढणार होता. "गिटार तूच. दुसरं कोण?" इथल्या फ्लॅटमध्ये जाड भिंतींची एक शेल्टरची खोली असते, युद्धबिद्ध झालं तर म्हणून. आमची सुटकेसींनी आणि तांदळाच्या पोत्यांनी भरलेली. तिथे बसून मी आठ रविवार दुपारी वाजवलं, रेकॉर्ड करून विलासला पाठवलं. माझी लेक इरा दाराशी बसून ऐकायची. बोटं सोलवटली. इतका खूश मी इथे आल्यापासून नव्हतो.

मग आमचा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज गेला. नोकरीच्या पासवर इथे राहत असताना कंपनीशिवाय दुसरं काम चालत नाही, हे सगळ्यांना पाठ. मित्रासाठी फुकट वाजवलेलं कामात धरतात का, हे एचआरला एका ओळीत विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. विलासला फोन केला. "माझं नाव नको टाकूस."

तो म्हणाला, "बरं."

अल्बम आला. त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या कव्हरचा फोटो पाठवला. शब्द आणि स्वर, विलास. ढोलकी, त्याची बायको. त्याखाली 'गिटार', आणि पुढे काहीच नाही. दुसरं कुठलं नाव टाकणं त्याला जमलं नाही.

इराने फोन हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचलं. "बाबा, युअर नेम नॉट देअर. मिस्टेक, इज इट?"

"हो," मी म्हणालो. "विलासकाकाची चूक झाली."

"सो बॅड, लाह," ती इथल्या पोरांसारखं म्हणाली आणि जेवायला बसली.

माझ्यासाठी म्युझिक कंपनीला नाही म्हणणाऱ्या माणसाला मी माझ्या लेकीसमोर निष्काळजी ठरवलं, तेही आमटी वाढता वाढता. घर कुठलं असं कुणी विचारलं तर मी पूर्वी पुणं म्हणायचो, मधली काही वर्षं वुडलँड्स म्हणालो. आता मला ती कव्हरवरची रिकामी जागा आठवते. तिथे माझ्यासाठी अजून कुणी तरी थांबलंय, आणि मला तिथे जायची हिंमत नाही.

पीआरचं उत्तर अजून आलेलं नाही. इराला खरं सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो, ती गिटार मीच वाजवली आहे. विलासची काहीही चूक नाही. आणि हेसुद्धा मी नाव न घालताच लिहितो आहे.