बेसवाला थांबला तेव्हा

पुतणीच्या लग्नात अंबडला ऑर्केस्ट्रा होता. त्यातल्या बेस गिटारवाल्यानं दोन वर्षांच्या बिदागीतून घेतलेला जड अ‍ॅम्प गोधडीत गुंडाळून एसटीनं आणला होता. डोळे मिटून, टाचेनं ताल धरत तो वाजवायचा.

ऑर्केस्ट्राचा मालक सारखा ओरडत होता, “आवाज कमी कर! तुझा बेस कोण ऐकून राह्यलंय?”

शेवटी बेसवाल्यानं वाजवणंच थांबवलं. गाणं चालू राहिलं, पण नाचणारे एकेक करून थबकले.

“काय बंद पडलं रे? मजाच गेली,” माझे काका म्हणाले.

मालकानं जाऊन स्वतःच्या हातानं अ‍ॅम्पचा आवाज वाढवला. बेसवाल्यानं पुन्हा तार छेडली, बेस घुमला आणि मांडव उसळला.

जेवताना मी बेसवाल्याला म्हणालो, “आज जिंकलात!”

“लोकायला मी ऐकू येत न्हाई, दादा. थांबलो की बराबर कळतं,” तो म्हणाला आणि त्यानं ऐटीत बुंदीवाल्याला हाक मारली.